कर्नलची दुरुस्ती टेलपर्यंत पोचते का?

दिवाळीनंतर मावसभावाकडे येवला तालुक्यात गेलो होतो. पालखेडच्या डाव्या कालव्याच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, त्याची शेती. मका निघालेला, कांद्याची रोपं टाकलेली. ओट्यावर चहा घेताना त्याने फोन माझ्यापुढे धरला. "दादा, हे रोज रात्री विचारतं. सिक्युरिटी अपडेट म्हणे. मी रोज 'नंतर' दाबतो. परवा बातम्यांत सांगत होते, कुठल्याशा कर्नलमध्ये भोक सापडलंय. हे कर्नल काय असतं? आणि नाही केलं अपडेट, तर माझं काय बिघडतं?"

मी नाशिकला एका लहान कंपनीत सर्व्हर सांभाळतो. कर्नलच्या दुरुस्त्या बसवणं हे माझं रोजचं काम. तरीही त्याला दोन वाक्यांत सांगता येईना. संध्याकाळी आम्ही चारीच्या कडेने चालत निघालो आणि मला लक्षात आलं, की ज्याने आयुष्यभर टेलला पाण्याची वाट पाहिली आहे, त्याला हा विषय माझ्याइतकाच नीट समजू शकतो. त्याला जे सांगितलं तेच थोडं सविस्तर इथे लिहितो आहे.

कर्नल म्हणजे पाटकरी

फौजेतल्या कर्नलशी याचा संबंध नाही. बी फोडल्यावर आत जो गर निघतो, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. फोन किंवा कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था, म्हणजे विंडोज, अँड्रॉइड वगैरे, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा सगळ्यात आतला गाभा म्हणजे कर्नल.

आता कालवा डोळ्यांपुढे आणा. धरणात पाणी सगळ्यांचं आहे, पण कुणी शेतकरी उठून स्वतः गेट उघडत नाही. नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा, पाळी लागायची आणि मग पाटकरी येऊन दार उघडणार. कुणाला किती वेळ, कुठल्या चारीला आधी, हे तो बघणार. फोनमधली मेमरी, कॅमेरा, माइक, साठवलेल्या फाइली, इंटरनेट हे सगळं त्या धरणातल्या पाण्यासारखं सामायिक आहे. व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, मुलांचा गेम ही शेतं. कुठल्याही ॲपला फाइल वाचायची असली तरी ते स्वतः वाचू शकत नाही. ते कर्नलकडे अर्ज करतं. कर्नल तपासतो, याला परवानगी आहे का, आणि असेल तरच ती फाइल हातात देतो. असे अर्ज फोनमध्ये सेकंदाला हजारोंनी होत असतात.

एका ॲपच्या शेतात दुसऱ्या ॲपला पाय ठेवता येत नाही, तेही कर्नलमुळेच. सगळे बांध त्याने घातलेले आहेत. म्हणून साध्या ॲपमधली चूक आणि कर्नलमधली चूक यांत फार मोठा फरक पडतो. ॲप बिघडलं तर एका शेताचं नुकसान होतं. पाटकऱ्यालाच कुणी फसवलं, तर सगळी गेटं त्या माणसाच्या हातात जातात.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी जो कर्नल आहे त्याचं नाव लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर तोच चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातले पाचशेच्या पाचशे २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. त्याचा कोड ३ कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. इतक्या ओळी माणसांनी लिहिलेल्या आहेत, तेव्हा त्यांत चुका असणारच. प्रश्न त्या कशा सापडतात आणि सापडल्यावर पुढे काय होतं, हा आहे.

टोमॅटोच्या क्रेटवरची खडूची खूण

एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका वेब होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीकडे, ग्राहकाची तक्रार आली: तुमच्याकडून उतरवून घेतलेली नोंदींची फाइल उघडत नाही, खराब आहे. तिथल्या माक्स केलरमान या प्रोग्रॅमरने ती फाइल हाताने दुरुस्त करून दिली आणि विषय संपवला. काही महिन्यांनी पुन्हा तशीच तक्रार आली, मग पुन्हा. त्याने खराब फाइली एकत्र करून पाहिल्या. प्रत्येकीत शेवटचे फक्त ८ बाइट चुकलेले, आणि बहुतेक वेळा महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाइलीत. ते ८ बाइट कुठून येतात, हे शोधता शोधता १९ फेब्रुवारी २०२२ ला तो थेट लिनक्सच्या कर्नलपर्यंत पोचला. ज्या प्रोग्रॅमला ती फाइल फक्त वाचायची परवानगी होती, त्याच्याकडूनच ती बदलली जात होती. कर्नलला याचा पत्ताही नव्हता.

ही चूक पुढे 'डर्टी पाइप' नावाने ओळखली गेली. ती समजायला गिरणाऱ्याच्या टोमॅटो बाजारात चला. तिथे प्लास्टिकचे क्रेट या हातातून त्या हातात फिरत असतात. समजा, अर्ध्या भरलेल्या क्रेटवर हमाल खडूने खूण करतो: 'यात अजून भरा'. क्रेट रिकामा झाला, पण खूण पुसायची राहिली. पुढच्या वेळी त्याच क्रेटमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी मोजलेला, नुसता बघण्यासाठी ठेवलेला माल आला. तिसऱ्या माणसाने खूण पाहिली आणि आपले टोमॅटो त्यात ओतून दिले. लबाडी कुणी केली नाही, पण माल मात्र बिघडला.

कर्नलमध्ये एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या नळीला पाइप म्हणतात आणि त्या नळीत असेच क्रेट फिरत असतात. 'यात अजून भरता येईल' अशी खूण क्रेटवर असते. नवीन माल घेताना जुनी खूण पुसायची, ही एक ओळ लिहायची राहून गेली होती. गंमत अशी की ती ओळ २०१६ पासूनच राहिलेली होती, पण तेव्हा त्या खुणेला फारसा अर्थ नव्हता, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. २०२० मध्ये दुसऱ्या एका सुधारणेत त्या खुणेला अर्थ आला आणि झोपलेली चूक जागी झाली. लबाड माणसाला आता असा क्रेट मुद्दाम तयार करता येत होता. ज्या फाइलीला हात लावायची मुभा नाही, तिच्यात हवं ते लिहायचं आणि यंत्राचा मालक व्हायचं.

दुरुस्ती किती मोठी होती? दोन ठिकाणी एकेक ओळ. खूण पुसा, इतकंच.

सातबाऱ्याची झेरॉक्स

दुसरी एक चूक थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातून वेगळी गोष्ट शिकायला मिळते. तिचं नाव 'डर्टी काऊ'. कर्नल मेमरी वाचवण्यासाठी एक काटकसर करतो. दहा जणांना एकच कागद वाचायचा असेल तर तो मूळ कागदच सगळ्यांना दाखवतो. कुणाला त्यावर लिहायचं असेल तेव्हाच त्याला झेरॉक्स काढून देतो. तलाठी कार्यालयात सातबारा बघा, हवं तर झेरॉक्सवर खुणा करा, मूळ नोंदीला हात लावू नका, असा हा नियम. पण झेरॉक्स काढणं आणि तिच्यावर पेन टेकवणं यांच्यात क्षणाचाही लहानसा अंश जातो. नेमक्या त्या फटीत कुणी झेरॉक्स फेकून दिली, तर पेन मूळ सातबाऱ्यावर टेकतो. एकदा जमणार नाही, हजार वेळा प्रयत्न केला की एकदा जमतं, आणि कॉम्प्युटर हजार वेळा प्रयत्न करायला कंटाळत नाही.

ही फट निदान २००७ पासून लिनक्समध्ये होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये बुजवली गेली. बुजवताना टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या टिपणात स्वतःच लिहिलं, की ही जुनी चूक आहे, ११ वर्षांपूर्वी मी ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नव्हता, आणि दुसऱ्या एका प्रकारच्या यंत्रावर अडचण आल्यामुळे ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली होती. जगभर वापरल्या जाणाऱ्या वस्तूचा कर्ता माणूस आपली चूक सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवतो, याचं मला फार मोल वाटतं. माझ्या कामात मी हे शिकायचा प्रयत्न करतो.

दुरुस्ती होते कशी

केलरमानला १९ तारखेला चूक कळली. २० तारखेला त्याने कर्नलच्या सुरक्षा गटाला ईमेल पाठवला आणि सोबत दुरुस्तीही जोडली. २१ ला त्याने गुगलच्या पिक्सेल ६ फोनवर तीच चूक दाखवून अँड्रॉइडच्या लोकांना कळवलं. २३ फेब्रुवारीला लिनक्सच्या दुरुस्त आवृत्त्या बाहेर पडल्या. २४ ला गुगलने ती दुरुस्ती अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये घेतली. चूक नेमकी काय होती, हे जगाला ७ मार्चला सविस्तर सांगितलं गेलं.

यातली तारखांची रचना मुद्दाम केलेली असते. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. ठिगळ लागलं की कपडा कुठे फाटला होता, ते सगळ्या जगाला दिसतं. म्हणून आधी गुपचूप दुरुस्ती तयार करायची, संबंधितांना थोडा अवधी द्यायचा आणि मग जाहीर करायचं. लिनक्सचा सुरक्षा गट दुरुस्ती तयार झाल्यावर ती फार दिवस झाकून ठेवत नाही: साधारण ७ दिवस, अगदी अपवाद म्हणून १४. गुगलचा प्रोजेक्ट झीरो हा चुका शोधणारा गट कंपन्यांना एरवी ९० दिवस देतो. पण चोर ती चूक आधीच वापरत असतील तर फक्त ७.

दुरुस्तीचा कोड ईमेलने जातो आणि कर्नलच्या त्या भागाची जबाबदारी असलेली माणसं तो वाचतात. मान्य झाला की तो मुख्य कर्नलमध्ये जातो. मग जुन्या, पण अजून सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांमध्ये तो मागे नेऊन बसवावा लागतो. हे काम ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं करत आहेत. तिथला एक नियम मला आवडतो: जुन्या आवृत्तीत जाणारी दुरुस्ती आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींहून मोठी नसावी. फुटलेली चारी बुजवायला आलात तर तेवढीच बुजवा, त्या निमित्ताने कालव्याचा मार्ग बदलू नका.

चुका शोधायला माणसं कमी पडतात, म्हणून यंत्रंही लावली आहेत. गुगलमध्ये तयार झालेला सिझकॉलर नावाचा प्रोग्रॅम रात्रंदिवस कर्नलकडे वेडेवाकडे अर्ज करत बसतो. नमुना ७ मध्ये नावाच्या जागी आकडा, क्षेत्राच्या जागी उणे संख्या, एकाच वेळी तीन अर्ज, अर्धवट अर्ज. पाटकरी गोंधळून खाली बसला की हा टिपून घेतो आणि संबंधितांना आपोआप कळवतो. आज कर्नलमधल्या कितीतरी चुका अशा सापडतात.

कोड उघडा आहे, मग चोरांनाही दिसतो ना?

भावाने हा प्रश्न लगेच विचारला, आणि तो बरोबर आहे. लिनक्सचा कोड कुणालाही वाचता येतो, चोरालाही. पण केलरमान हा लिनक्सचा नोकर नव्हता. तो लिनक्स वापरणाऱ्या एका कंपनीतला माणूस होता, ज्याच्या ग्राहकांच्या फाइली बिघडत होत्या. कोड बंद असता तर त्याने कंपनीला तक्रार केली असती आणि उत्तराची वाट पाहिली असती. कोड उघडा होता म्हणून तो स्वतः आत उतरला, आठवडाभरात दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. ओझरकडे वाघाडच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आहेत. तिथे गेट कुठे गळतंय हे खात्याच्या आधी त्या शेतकऱ्यांना कळतं, कारण रोज बांधावर तेच असतात. साधारण तसंच हे आहे.

उघडेपणाची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. दुरुस्ती बाहेर पडली त्या क्षणी चोरही ती वाचायला बसतो. आदल्या दिवशीचा कोड आणि आजचा कोड शेजारी ठेवला की भोक कुठे होतं ते कळतं. हे विंडोजसारख्या बंद व्यवस्थेतही होतं, फक्त थोडी जास्त मेहनत लागते. म्हणजे दुरुस्ती निघाल्यानंतरचे दिवस हे दुरुस्ती न बसवणाऱ्यासाठी आधीपेक्षा जास्त धोक्याचे असतात. आधी भोक मोजक्यांना माहीत होतं. आता त्याचा नकाशा छापून आलेला आहे आणि तुमचं भोक तसंच आहे.

हेडला पाणी, टेलला कोरड

पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की निफाडकडे लवकर पाणी दिसतं. येवल्याच्या टेलला मात्र माणसं रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसलेली असतात. धरणातून पाणी सुटलं ही बातमी खरीच असते. ते आपल्या शेतात आलं का, हा वेगळा प्रश्न.

कर्नलच्या दुरुस्तीचंही तसंच आहे. मुख्य लिनक्समध्ये ती बसली की तिथून गुगलच्या अँड्रॉइड कर्नलमध्ये, तिथून चिप बनवणाऱ्या क्वालकॉम, मीडियाटेकसारख्या कंपन्यांकडे, तिथून फोन बनवणाऱ्या कंपनीकडे, तिथे त्या एका मॉडेलसाठी तपासणी, आणि शेवटी तुमच्या फोनवर. त्यानंतरही तुम्ही 'नंतर' दाबता. प्रत्येक गेटपाशी दिवस जातात, कधी महिने.

याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण २०१९ चं आहे. अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये बाइंडर नावाचा भाग असतो, ॲपांमधले निरोप पोचवणारा. त्यात एक चूक होती. पंचवटीतल्या धर्मशाळेत यात्रेकरूने खोली सोडली, हिशेब केला, पण एक किल्ली खिशातच राहिली. खोली दुसऱ्याला दिली गेली. आता जुना माणूस येऊन नव्याच्या सामानात हात घालू शकतो. मेमरीच्या बाबतीत नेमकं हेच: परत केलेल्या जागेची किल्ली हातात राहून गेलेली. सिझकॉलरच्या यंत्रणेने ही चूक नोव्हेंबर २०१७ मध्येच पकडली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये दुरुस्तीही झाली. पण 'ही सुरक्षेची चूक आहे' असा शिक्का, म्हणजे सीव्हीई क्रमांक, तिला मिळाला नाही. हा क्रमांक म्हणजे अशा चुकांच्या जगभराच्या नोंदवहीतला गट नंबर. तो नसल्यामुळे खालच्या अनेक गेटांवर कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि कितीतरी फोन दुरुस्तीशिवाय बाजारात येत राहिले, विकले जात राहिले.

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस प्रोजेक्ट झीरोला कळलं, की ही चूक खऱ्या हल्ल्यांत वापरली जाते आहे. बाधित फोनांच्या यादीत पिक्सेल २, सॅमसंगचे एस ७, एस ८, एस ९, ओप्पो ए ३, रेडमी ५ ए, रेडमी नोट ५ असे फोन होते. यातले रेडमी आपल्याकडे घरोघरी होते. मुख्य कर्नलमध्ये दुरुस्ती होऊन तोवर दीड वर्षाहून अधिक काळ झाला होता. दुरुस्ती लिहिली गेली होती, ती टेलला पोचलीच नव्हती. हे वाचलं तेव्हा मला राग आला होता आणि अजूनही येतो, कारण यात कुणा एकाची चूक दाखवता येत नाही. प्रत्येक गेटवरचा माणूस म्हणू शकतो, मला कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून काही गोष्टी सुधारल्या आहेत. नव्या अँड्रॉइड फोनांत कर्नलचा गाभा सर्वांसाठी एकच ठेवायचा आणि कंपनीचे भाग वेगळे जोडायचे, अशी रचना गुगलने आणली, त्यामुळे मधली काही गेटं कमी झाली. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्सचे लोक स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात, आणि सढळ हाताने देतात, वर्षाला हजारो. त्यावर टीकाही होते, इतक्या नोंदींतून महत्त्वाची कोणती हे शोधायचं कसं म्हणून. माझं मत विचाराल तर, बाइंडरसारखी एक नोंद राहून जाण्यापेक्षा हजार जास्त नोंदी बऱ्या. कर्नलमध्ये कुठली चूक उद्या हत्यार होईल, हे आज सांगता येत नाही. २०१६ ची ती न पुसलेली खूण कुणाला महत्त्वाची वाटली असती?

माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?

भावाच्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे. लासलगावच्या व्यापाऱ्याने कांद्याचे पैसे टाकले की मेसेज तिथेच येतो. आधार, सातबारा, मुलीच्या कॉलेजची फी, सगळं तिथे. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे रोज जी फसवणूक होते, तिच्यातल्या बहुतेक प्रकारांना कर्नलच्या चुकीची गरजच नसते. ओटीपी विचारून घेतात, लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे खरं तर एक ॲपच, पाठवतात, माणूस ती स्वतः बसवतो आणि स्वतःच परवानग्या देतो. तिथे पाटकऱ्याला कुणी फसवलेलं नसतं, अर्जदारानेच सही करून दिलेली असते.

मग कर्नलची दुरुस्ती कुठे कामी येते? डर्टी पाइप, डर्टी काऊ या चुका बहुतेक वेळा लांबून आपोआप घरात शिरत नाहीत. आधी कुठलं तरी ॲप, कुठली तरी वेबसाइट फोनवर पाय रोवते. अपडेट झालेल्या फोनवर त्या ॲपला त्याच्या बांधाच्या आतच राहावं लागतं. तुम्ही कॅमेरा नाकारलात, तर कॅमेरा नाही. कर्नलमध्ये भोक असेल तर तुमचा नकार कागदावर राहतो. घरातलं एखादं पोरगं गेम म्हणून काही बसवतं, तेव्हा नुकसान त्या गेमपुरतं राहणार की बँकेच्या ॲपपर्यंत जाणार, हे याच्यावर ठरतं.

काही चुका मात्र खरोखर लांबून येतात. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याचं काम कर्नलच्या आतच चालतं आणि तिथे भोक होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच भोकातून शिरला आणि सुमारे १५० देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर बंद पाडून खंडणी मागू लागला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांना परत पाठवावं लागलं. दुरुस्ती दोन महिने आधीपासून उपलब्ध होती. दीड महिन्याने, २७ जूनला, 'नॉटपेट्या' हा तसाच दुसरा प्रोग्रॅम आला. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक हीच होती. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार जगभर ठप्प झाला आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनललाही फटका बसला. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. द्राक्षांचा हंगाम तेव्हा आटोपला होता. हाच प्रकार फेब्रुवारीत झाला असता तर भरलेले कंटेनर कुठे उभे राहिले असते, याचा विचार मी तेव्हापासून बऱ्याचदा केला आहे.

अपडेटनेच बिघडलं तर?

तेही झालेलं आहे, आणि कर्नलमध्येच झालेलं आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. क्राउडस्ट्राइकचा प्रोग्रॅम कर्नलच्या आत बसून काम करतो. नव्या फाइलीला २१ गोष्टींची अपेक्षा होती, दिल्या गेल्या २०. एकविसावी शोधायला तो मेमरीत भलतीकडेच गेला. साधं ॲप असतं तर ते एकटं बंद पडलं असतं. कर्नलमध्ये बसलेला पडला, म्हणून यंत्रच पडलं.

पण ती दुरुस्ती एकाच वेळी सगळ्यांकडे सोडली होती, हा तिथला खरा दोष. शहाणी पद्धत म्हणजे आधी थोड्या यंत्रांवर, दिवसभर थांबून मग पुढे. फवारणीचं नवं औषध आपणही आधी चार ओळींवरच मारून बघतो. फोनच्या कंपन्या बहुधा असंच टप्प्याटप्प्याने सोडतात. म्हणून अपडेट आल्याबरोबर पहिल्या तासात बसवलंच पाहिजे असं नाही. चार-आठ दिवस थांबलात तर हरकत नाही. चार-आठ महिने ही वेगळी गोष्ट आहे. आणि बसवण्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे साठवून ठेवा, फोन चार्जिंगला लावा.

सर्व्हरच्या बाबतीत अडचण थोडी निराळी असते. कर्नल बदलायचा तर यंत्र बंद करून चालू करावं लागतं. आमच्याकडे ते रविवारी पहाटे करतो. चालू कर्नलमध्येच दुरुस्ती बसवायची सोयही लिनक्समध्ये २०१५ पासून आहे, म्हणजे पाणी वाहत असताना गेट बदलण्यासारखं. पण प्रत्येक दुरुस्ती तशी बसत नाही.

मुळातच नीट का लिहीत नाहीत?

कर्नल बहुतांशी सी या भाषेत लिहिलेला आहे. ती वेगवान आहे, पण किल्ली परत केली का, खूण पुसली का, हे सगळं लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडच्या दरवर्षीच्या सुरक्षा चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्याच असतात. रस्ट ही नवी भाषा अशा बऱ्याच चुका लिहितानाच अडवते. डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये तिला जागा मिळाली. पण ३ कोटी ओळी कुणी एका रात्रीत बदलत नसतं, तेव्हा जुन्या चाऱ्यांची डागडुजी पुढची कित्येक वर्षं चालणारच.

तारीख कुठे बघायची

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या भागात जा. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. अँड्रॉइडच्या आवृत्तीच्या आकड्यापेक्षा ही तारीख महत्त्वाची. फोन घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारतो, तसंच सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हेही विचारा. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस २४ पासून ७ वर्षांचा शब्द दिला आहे. स्वस्त फोनांना पुष्कळ कमी वर्षं मिळतात, आणि आपल्याकडे विकले जातात ते बहुतेक तेच. कॉम्प्युटरवर विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं नेहमीचं पाणी बंद केलं आहे. काही काळ जादा अपडेट मिळवण्याची वेगळी नोंदणी आहे, ती तरी करा. नाशिकमधल्या कितीतरी झेरॉक्सच्या दुकानांत आणि अडत्यांच्या गाळ्यांत आजही विंडोज १० च दिसतं.

त्या रात्री भावाने फोन चार्जिंगला लावला आणि 'आता करा' दाबलं. पाऊण तास लागला. सकाळी आम्ही तारीख पाहिली. आधी दीड वर्षापूर्वीची होती, आता सात महिन्यांपूर्वीची झाली होती.

"म्हणजे हेडला सुटलेलं पाणी आपल्याला सात महिन्यांनी," तो म्हणाला. "आणि पुढचं आवर्तन?"

मी कंपनीच्या वेबसाइटवर त्याच्या मॉडेलची मुदत शोधली. अजून एक वर्ष होतं. त्याने कांद्याचे भाव लिहायची वही काढली आणि मागच्या पानावर, कर्जाच्या हप्त्यांच्या तारखांखाली, ती तारीख लिहून ठेवली.